आवळलेलं रिंगण

चार वाजता ऑनलाइन बैठक होती आणि मंजुषाच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. कणांच्या टकरीच्या प्रयोगासाठी तिनं दोन वर्षं खपून सिलिकॉनच्या पट्ट्यांचं एक नळकांडं आखलं होतं. टकरीतून फुटलेला कण कोणत्या वाटेनं गेला, हे त्या पट्ट्या टिपणार. आज एक तर तिचं नळकांडं निवडलं जाणार होतं, नाहीतर दुसऱ्या गटाचं. सुट्टीला नेकनूरला आलेली ही पोर माळावर लॅपटॉप घेऊन बसली होती, कारण घरात रेंज नव्हती.

शेजारी तिची माय भिवराबाई वाघूर लावत होती, म्हणजे कळप कोंडायची जाळी.

"झालं का गं तुझं?"

"एकदम पक्कं! पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर चढवल्यात. लॅपटॉपवर लाखभर कण सोडून बघितले, एकबी फटीतनं निसटला न्हाई. चुंबकानं वळतात ना ते, म्हणून पट्ट्या तिरप्या ठेवल्यात."

"सगळे एकाच अंगाला वळत्यात व्हय?"

"न्हाई. धन हिकडं, ऋण तिकडं."

"मंग दोन्ही अंगानं बघितलंस ना? आमी वाघूर लावली की दोन्हीकडनं मेंढरू हाकून बघतो. लई बेरकी जात हाय."

मंजुषानं झटकन तपासणीची नोंद उघडली. तिनं फक्त धन कण तपासले होते! मेंढक्याची पोर, आणि एकाच अंगानं कळप हाकून मोकळी! तिनं घाईघाईनं ऋण कण सोडले. तीनशे बारा निसटले.

"मेले मी! आता पट्ट्या वाढवाव्या लागतील. आन् सामान वाढलं की कणच अडखळतात, त्यांची वाट बिघडते. बैठक पाऊण तासावर हाय, माय!"

भिवराबाईनं खुंटी ठोकता ठोकता मान वर केली. "जाळी कमी पडली तर दुसरी कशाला आणायची? रिंगण आवळायचं."

मंजुषानं लॅपटॉप पुढ्यात ओढला. पट्ट्या तेवढ्याच ठेवून वर्तुळ दीड मिलिमीटरनं आत घेतलं, की कडा आपोआप जास्त चढणार. इतकं सोपं! तिनं आकडे बदलले आणि दोन्ही जातींचे कण सोडले.

"शून्य!" ती अशी किंचाळली की मेंढरं बिचकली.

भिवराबाईचं तोंड उतरलं. "शून्य? नापास झालीस?"

"शून्य निसटले, माय! शून्य!"

बैठकीत तिनं आधी आपली चूक सांगितली, मग उपाय. दुसऱ्या गटाच्या प्रमुखानं चारदा आकडे तपासले आणि शेवटी हसून मान डोलावली. मंजुषाचंच नळकांडं बनणार होतं. तिनं लॅपटॉप मिटला, धावत जाऊन मायला मिठी मारली आणि तिथल्या तिथे नाचायला लागली.

"बरं, धरलेल्या कणांचं करनार काय?" मायनं विचारलं.

"धरत न्हाई गं. पट्टीतनं आरपार जातात."

"जाऊच द्यायचे तर एवढी कडेकोट जाळी कशापायी?"

"वाटेवरनं कुठून आले ते कळायला," मंजुषा म्हणाली, आणि मायच्या हातातली खुंटी घेऊन ठोकायला लागली.