विहिरीतला झिंगा

"नईम, अरे तुहा झिंगा माह्या विहिरीत येऊन पडला! काढ त्याले!"

बांधापलीकडून आशाबाईंचा आवाज आला तेव्हा नईम तळ्यात खाद्य टाकत होता. हसतच तो गेला. पूर्णेकाठच्या त्या खारपाणपट्ट्यात बोअर मारली की खारंच पाणी लागायचं. म्हणून तर समुद्रातला झिंगा त्याच्या शेतात वाढत होता. गोडं पाणी एकट्या आशाबाईंच्या विहिरीला. नईमचं अख्खं घर त्याच पाण्यावर वाढलेलं.

"बगळ्याच्या चोचीतून सुटला असन, काकू. तळ्यातला झिंगा गोड्या पाण्यात टिकत नाही. संध्याकाळलोक मरते."

"मरन तं बरं. देवाची आंघोळ याच पाण्यानं होते माह्या."

संध्याकाळी तो जिवंत होता. दुसऱ्या संध्याकाळीही. बादली सोडली की खाली सरकायचा, बादली निघाली की पुन्हा वर यायचा आणि देठावरचे दोन काळे डोळे रोखून निवांत बसायचा. नईमचं हसू आटलं. त्याने पाणी चाखलं, गोडच लागलं. पण रोज तेच पाणी पिणाऱ्या जिभेचा काय भरवसा!

पुढच्या आठवड्यात आशाबाईंच्या बादलीत एक पारदर्शक, हलकं, मिशांसकट सगळं अंग आलं. "मेला बापा एकदाचा!" त्या म्हणाल्या. नईमने ते तळहातावर घेऊन उलटून पाहिलं. आत काहीच नव्हतं. ती कात होती. झिंगा कात टाकतो तो मरताना नव्हे, वाढताना.

त्याला उन्हाळ्यात सुकवलेलं तळं आठवलं, काळ्या मातीला पडलेल्या खोल भेगा आठवल्या. बड्या लोकांच्या तळ्यांना प्लास्टिकचं अस्तर होतं. नईमची ऐपत मातीपुरतीच; खारं पाणी त्या भेगांतूनच विहिरीकडे झिरपलं असणार.

नेमकी तेव्हाच पर्यावरणाच्या दाखल्याची तपासणी आली. परदेशात माल पाठवणारा व्यापारी आता दाखल्याशिवाय झिंगा उचलत नव्हता, आणि दाखल्याची अट अशी की तळ्यामुळे शेजारचं गोडं पाणी खारं होता कामा नये. अटीला तरी वाईट कसं म्हणावं?

तपासणीला अमरावतीहून आलेल्या अपेक्षा मॅडमना आशाबाईंनी कौतुकाने विहिरीचं पाणी दिलं. मॅडमनी एक घोट घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला.

"मी तळं बघून येते," त्या नईमला म्हणाल्या. "तोवर या बाटलीत विहिरीचं पाणी भरून ठेवाल?"

नईमची बायको सईदा दारातच उभी होती. "कॅन का पानी भर देव ना," ती कुजबुजली. "किसकू समजता?"

खरंच, कोणाला समजलं असतं? त्याने बाटली मॅडमसाठी आणून ठेवलेल्या विकतच्या पाण्याच्या कॅनखाली धरलीही. पलीकडे आशाबाई देवासाठी कळशी भरत होत्या, तोंडाने काहीतरी गुणगुणत. नईमला स्वतःची लाज वाटली. बाटली रिकामी करून तो विहिरीवर गेला. खालून दोन डोळे त्याची वाटच पाहत होते.

दाखला मिळाला नाही. व्यापाऱ्याचा टेम्पो पुन्हा फिरकला नाही. तळं आटलं, तळाशी पांढरी पोपडी धरली, आणि नईम नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात लागला. जाण्याआधी त्याने आशाबाईंना सगळं सांगितलं. "तो झिंगा मरन ना काकू, तवा समजा विहीर गोड झाली."

"माह्या जिभेले कयत नाही काय?" त्या फणकारल्या होत्या. दर सुट्टीला तो त्यांना शुद्ध पाण्याची कॅन आणून द्यायचा. त्या ती म्हशीला पाजायच्या.

हिवाळ्यात एकदा तो आला तर आशाबाई बांधावरच भेटल्या. चेहरा नुसता फुललेला. पदराखालून काहीतरी काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं.

"पाह्य, मेला तुहा झिंगा. आता तं झाली ना गोड?"

रिकामी कात तळहाताहून लांब होती. नईमने विहिरीत वाकून पाहिलं. खोल अंधारात काहीतरी जड हललं आणि पाणी कपारीला लागल्याचा आवाज आला.

"झाली, काकू," तो म्हणाला.

आशाबाईंनी लोटा भरून पुढे केला. नईमने तो एका दमात संपवला.