तांब्यावर फिरलेली इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. वाफ सोडणारी नाही, पाण्याचा फवारा मारणारी नाही, नुसती जड आणि तापट. अंबरनाथच्या बुवापाड्यात एका घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी राहते. माझा थर्मोस्टॅट अडकला तेव्हापासून मला थांबायचं कुठे ते कळत नाही. तापायला लागले की तापतच जाते. खरं सांगायचं तर स्वभावानेही मी तशीच आहे. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

माझा जन्म उल्हासनगरचा. एका अरुंद गाळ्यात एकाने माझा पत्रा ठोकला, दुसऱ्याने पोटात कॉइल बसवली, तिसऱ्याने मूठ कसली, आणि संध्याकाळी मी बाजारात होते. दुकानातल्या सिंधी शेठने मला काउंटरवर धाडकन ठेवून म्हटलं, "वजन देखो बाई, वजन! कपडा डर के सीधा हो जाएगा."

ती बाई म्हणजे गंगूबाई. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यातून लग्न करून त्या बुवापाड्यात आल्या होत्या. आजूबाजूच्या घरांतले कपडे त्या इस्त्रीला घ्यायच्या. बोट ओलं करून माझ्या तळव्याला निमिषभर लावायच्या आणि चर्र आवाजावरून माझा मूड ओळखायच्या. पंचवीस वर्षं आम्ही दोघींनी शाळेचे गणवेश, कंपनीचे शर्ट आणि लग्नाची धोतरं सरळ केली. "गंगूबाईंची घडी आठ दिवस मोडत नाही," असं लोक म्हणायचे. अर्धं श्रेय माझं होतं, पण मूठ धरणाऱ्याचंच नाव होतं, हे मला मान्य आहे.

पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले. घरात हलकी, गुलाबी, वाफेची इस्त्री आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. पाच वर्षं मी तिथे फुटक्या टेबलफॅनशेजारी धुमसत पडले होते.

मला खाली काढलं ते सुदामने. सुदाम हा गंगूबाईंचा मुलगा. एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे, पण त्याचा खरा जीव घरामागच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे तो हौसेखातर घरच्या घरी सर्किटच्या पाट्या बनवतो. टाकी भरली की ओरडणारा भोंगा, अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, असले उद्योग. स्वस्थ बसणं त्यालाही जमत नाही, म्हणून आमचं पटलं.

पाटी कशी बनते ते सांगते. सुदाम कॉम्प्युटरवर वाटांचा नकाशा काढतो. झेरॉक्सच्या दुकानातून तो गुळगुळीत कागदावर छापून आणतो. तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी तारेच्या घासणीने लख्ख घासतो, त्यावर कागद पालथा ठेवतो आणि वरून मला दाबून फिरवतो. माझ्या उष्णतेने कागदावरची काळी शाई तांब्याला चिकटते. मग कागद भिजवून काढायचा आणि पाटी तपकिरी औषधाच्या ट्रेमध्ये हलवत राहायची. शाईखालचं तांबं वाचतं, उघडं तांबं विरघळून जातं. उरतात त्या विजेच्या वाटा. कपड्यांची इस्त्री कागदावर फिरवतात म्हणून सुरुवातीला मला फार अपमान वाटला. पण पहिली पाटी चालली, दिवा लागला, आणि माझा राग गेला.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. कागद पालथा पडतो, म्हणून त्यावरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी छापावी लागतात. तरच ती तांब्यावर सुलटी उमटतात.

गेल्या दिवाळीनंतर गंगूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. अंग लुळं पडलं, बोलणं गेलं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं जरा हलायचं. सुदामची बायको संजीवनी औषधांच्या पॅकिंगला जाते. ती रजा काढून सासूपाशी बसली. रजा संपली, वाढवली, तीही संपली. शेवटी सुपरवायझरचा फोन आला. सोमवारी आली नाहीस तर दुसरी बाई घेतो, म्हणाला.

"शेजारच्या बनूबाई लक्ष ठेवते म्हणतात," संजीवनी म्हणाली. "पण आईंना काय हवं-नको ते त्यांना कळणार कसं? बाजारातल्या घंटीचं बटण आईंना दाबता येत नाही. अहो, काहीतरी करा. नायतर मी नोकरी सोडते."

"सोडू नकोस," सुदाम म्हणाला. "बटणच नको. नुसतं बोट टेकलं की वाजेल अशी घंटी बनवतो."

शनिवारी त्याने नकाशा काढला. कोपऱ्यात हौसेने 'आई' असं लिहिलं. रविवारी सकाळी तो छापलेला कागद घेऊन धावतच आला. मला तापत ठेवलं आणि कागद कापू लागला. मी उभी राहून बघत होते. कागदावर 'आई' सुलटं होतं!

एरवी सुदाम दोनदा तपासतो. त्या दिवशी डोक्यात फक्त सोमवार होता. त्याने मला उचललं आणि चुकीच्या कागदावर दाबलं. मित्रांनो, चूक दिसते आहे, ती आपल्याच अंगाखाली होते आहे आणि तोंड मात्र नाही, यापेक्षा मोठा त्रास मला ठाऊक नाही. मी हवी तेवढी तडतडले. त्याला वाटलं, कॉइल जुनी झाली.

औषधातून पाटी बाहेर आली, धुतली, आणि सुदाम मटकन स्टुलावर बसला. सगळ्या वाटा उलट्या. आठ पायांची आयसी, म्हणजे घंटी चालवणारी काळी चिप, बसवायची कशी? तिचे पाय चुकीच्या वाटांवर पडणार. तांब्याची दुसरी पाटी घरात नव्हती. तो तसाच झेरॉक्सवाल्या किर्तीकडे गेला आणि तिला घेऊनच परतला.

"दादा, ते नाव उलटं आलेलं ना," किर्ती रडवेली होऊन सांगत होती, "मला वाटलं तुमचीच मिस्टेक झाली. आईचं नाव उलटं कसं छापायचं? म्हणून मी फ्लिप करून दिलं."

तिच्यावर ओरडणार तरी कसं? सुदामने डोकं खाजवलं, पाटी उजेडात धरून इकडून तिकडून फिरवली आणि एकदम म्हणाला, "पाटी उलटी तर आपण पण उलटं!" मग त्याने आयसी आणि बाकीचे भाग नेहमीच्या बाजूने न बसवता तांब्याच्या बाजूनेच बसवले. किर्ती टॉर्च धरून उभी राहिली. दिवेलागणीला बॅटरी जोडली. पलंगाच्या कडेला तांब्याची एक पट्टी लावली, लांब वायर टाकून घंटी बनूबाईंच्या स्वयंपाकघरात टांगली. सुदामने आईचं बोट पट्टीवर टेकवलं. पलीकडे घंटी खणखणली आणि बनूबाई "वाजली रे वाजली!" करत आल्या.

पण गंगूबाईंनी बोट मागे घेतलं. "आई, आता तुम्ही लावा बरं," संजीवनी म्हणाली. त्या छताकडे बघत राहिल्या. रात्री चादर ओली झाली तरी त्यांनी बोट पुढे केलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे सरळ केले, कुणाला कधी पाण्याचा पेला मागितला नाही. आता शेजारणीला घंटी वाजवून बोलवायचं? त्यांना ते लाजिरवाणं वाटत होतं. घंटी झाली होती, पण ती वाजवणार कोण? सोमवारी पहाटे संजीवनी डबा भरताना रडली. "आजचा दिवस बघते," ती म्हणाली. "आई अशाच पडून राहिल्या तर उद्यापासून जात नाही मी."

ती गेली. सुदामला नऊला निघायचं होतं. एवढ्याशा वेळातही त्याला चैन पडेना. पेठेतल्या कुणा आजोबांसाठी दुसरी घंटी करायची म्हणून त्याने रात्रीच नवीन कागद किर्तीकडून छापून आणला होता आणि पाटीही तिनेच कुठूनशी मिळवून दिली होती. मला त्यावर ठेवलं आणि तेवढ्यात लाइट गेली. पाच मिनिटं वाट बघून तो घड्याळ बघत निघून गेला. माझं बटण चालूच राहिलं.

साडेदहाला लाइट आली.

मी तापू लागले. खाली कागद, त्याखाली पाटी, त्याखाली लाकडी फळी. माझी वायर ओढायला कुणी नाही. कागद पिवळा पडला, मग तपकिरी झाला, कडेला धूर सुटला. मला थांबायचं होतं हो! पण थांबणं माझ्या हातात नव्हतं. पत्र्याच्या भिंतीपलीकडे गंगूबाई पडल्या होत्या. त्यांना उठता येत नव्हतं. माझ्या हातून त्यांचंच घर पेटणार, या विचाराने मी कधी नव्हे एवढी भ्याले.

आणि घंटी वाजली. वाजली ती थांबेचना.

बनूबाई धावत आल्या. "काय गं गंगू, पाणी पायजे? कूस वळवू? चादर बघू?" प्रत्येक प्रश्नाला गंगूबाई डोळे मिटून नाही म्हणत होत्या. बोट पट्टीवरून हलत नव्हतं. "अगं बाई, मशीन बिघडलं वाटतं सुदामचं," बनूबाई म्हणाल्या आणि बॅटरीची वायर उपटायला वाकल्या.

तेव्हा गंगूबाईंनी सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं. किती महिन्यांनी! शब्द फुटका होता, पण कळला. "इस... इसत्री."

बनूबाईंनी नाक वर केलं आणि "अगं बाय माझे!" म्हणत मागच्या खोलीकडे पळाल्या. वायर ओढली, मला उचलून दगडावर ठेवलं, फळीवर तांब्याभर पाणी ओतलं. पंचवीस वर्षं गंगूबाईंच्या ज्या नाकाने कपडा करपण्याआधी मला उचललं होतं, त्याच नाकाला मी भिंतीपलीकडून कळले होते.

मित्रांनो, घराबाहेर पडताना इस्त्रीचं बटण बंद करा, लाइट गेलेली असली तरी करा, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. ज्याला बोलता येत नाही तो काही सांगू लागला, तर घाईने वायर उपटू नका. आणखी एक प्रश्न विचारा.

संध्याकाळी संजीवनी धापा टाकत घरी आली. बनूबाईंनी तिला सगळं सांगितलं. "स्वतःसाठी नाय गं वाजवली. इस्त्रीसाठी वाजवली."

संजीवनीचा चेहरा उतरला. "म्हणजे स्वतःसाठी नाहीच ना?"

"ऐक तरी," बनूबाई म्हणाल्या. "चार वाजता परत वाजली. मी आले पळत, म्हटलं आता काय पेटलं? तर हिला चहा पायजे होता."