पान एकेचाळीस

बेल दुसऱ्यांदा वाजली तेव्हा सूत्रसंचालकाने हातातला कप आवाज न करता ओट्यावर ठेवला आणि चवड्यांवर चालत तो दारापाशी गेला. बेल तिसऱ्यांदा वाजली. दारावरच्या काचेच्या भोकातून बाहेर बघावं की नाही, याचा तो विचार करत होता. तेवढ्यात खाली काहीतरी सरकलं. दाराखालच्या फटीतून कागदाची एक घडी आत आली आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला टेकली. त्याने चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला. बाहेरची पावलं जिना उतरून पार ऐकू येईनाशी झाली, मगच तो वाकला.

'शनिवारी पुस्तकांच्या दुकानात भेटू. पान एकेचाळीस. एकच प्रश्न आहे.'

खाली सही नव्हती. याच अक्षरातलं, याच मजकुराचं कार्ड गेल्या आठवड्यात वाहिनीच्या ऑफिसात आलं होतं. तेव्हा त्याने ते मेकअपवाल्याला दाखवलं होतं आणि दोघं मनसोक्त हसले होते. आता ते अक्षर घरापर्यंत आलं होतं, आणि तो घरात एकटा होता.

नऊ वर्षं तो रोज सकाळी आठ वाजता लोकांच्या घरात शिरत होता. टीव्हीवर पाहुण्यांशी गप्पा मारता मारता कशावरही मत ठोकून द्यायची त्याची सवय लोकांना आवडायची. लिफ्टमध्ये गुणगुणणारी माणसं, चमचा आपटत चहा ढवळणारी, दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात मान घालणारी, असं कुणीही त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. त्याच मतांचं 'माझं आपलं एक मत' हे पुस्तक निघालं आणि दोन महिन्यांत तिसऱ्या आवृत्तीला गेलं.

पान एकेचाळीस त्याला तोंडपाठ होतं. प्रत्येक कार्यक्रमात तो तेच वाचून दाखवायचा. न सांगता घरी येणाऱ्या माणसावर त्याने तिथे उपाय दिला होता. टीव्हीचा आवाज बंद करा, चपला हातात घ्या, सहकुटुंब सोफ्यामागे बसा, श्वास रोखा. पाहुणा दोनदा बेल वाजवेल, एकदा खोकेल, मग जिना उतरेल. 'त्याची पावलं पहिल्या मजल्यावर पोचली, की मोठ्याने हसायला हरकत नाही.' इथे सभागृहात हटकून हशा फुटायचा.

संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा त्याने चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने ती वाचली, परत दिली आणि वाळलेले कपडे घड्या घालायला घेतले.

"ते पान नको म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"लोकांना तेच आवडतं."

"हो ना," ती म्हणाली.

शुक्रवारी स्टुडिओतून निघताना त्याने गाडी नेहमीच्या रस्त्याने नेली नाही. एक मोटारसायकल सलग तीन सिग्नल त्याच्या मागेच राहिली, तेव्हा स्टिअरिंगवरचे त्याचे तळवे ओले झाले. घरी पोचल्यावर त्याने पुस्तकाच्या संपादिकेला फोन केला. शनिवारी सह्यांच्या कार्यक्रमाला दुकानात एखादा माणूस उभा करता येईल का, असं विचारलं.

"अहो, कुणी चिडलं तर चांगलंच की," ती म्हणाली. "चौथी आवृत्ती निघेल."

तरी तिने माणूस पाठवला. शनिवारी दुपारी तो दुकानाच्या दाराशी पुस्तकं चाळत उभा होता. रांग पार फुटपाथपर्यंत गेली होती. सूत्रसंचालक सह्या करत होता, हसत होता, आणि प्रत्येक वेळी आधी हात आणि मग चेहरा बघत होता. रांगेतल्या एका दांडग्या माणसाचा एक हात सारखा पिशवीत होता. तो टेबलापाशी आला. हात पिशवीतच. म्हणाला, "पान एकेचाळीस!"

सूत्रसंचालकाची खुर्ची करकन मागे सरकली.

माणसाने पिशवीतून तीन पुस्तकं काढली. "सासरेबुवांना द्यायचीत. नेमकी त्याच पानावर सही करा बघू, म्हणजे त्यांना समजेल!" आणि तो खदखदून हसला. सूत्रसंचालकही हसला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. सुटलो, असं त्याला वाटलं. पण याने कुठलाच प्रश्न विचारला नव्हता, म्हणजे चिठ्ठी या माणसाची नव्हती, हेही त्याला कळत होतं.

त्या दांडग्या माणसाच्या मागे एक बाई उभी होती. चाळिशीची असेल. गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहिली होती. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, सहीसाठी उघडलं नाही.

"चिठ्ठी माझीच," ती म्हणाली. "तुम्ही घाबरलात का? मला तसं काही लिहायचं नव्हतं."

त्याने दाराकडच्या माणसाकडे पाहिलं. तो पुस्तक वाचण्यात गुंगला होता.

"मी घरी कपडे शिवते. गिऱ्हाइकं कधीही येतात, जेवायलासुद्धा बसू देत नाहीत. मुलींनी तुमचं ते पान वाचून दाखवलं, आम्ही हसून हसून लोळलो. मग तो खेळच झाला आमचा. बेल वाजली की तिघी सोफ्यामागे." ती हळू बोलत होती, त्यामुळे त्याला पुढे वाकावं लागलं. "गेल्या महिन्यात दुपारी बेल वाजली. दोनदा. मग कुणीतरी खोकलं. अगदी तुम्ही लिहिलंय तस्सं. धाकटीने तोंडात ओढणी कोंबली होती. मग पावलं उतरायला लागली. पहिल्या मजल्यापर्यंत पोचलीच नाहीत."

सूत्रसंचालकाने पेन खाली ठेवलं.

"खालचे मास्तर होते. एकटेच राहायचे. तासाभराने पोस्टमनला जिन्यात दिसले, तेव्हा सगळं संपलं होतं. सगळे हळहळले. म्हणाले, नेमकं बिल्डिंगमध्ये कुणी घरात नव्हतं."

"मी ते गमतीने..." तो म्हणाला.

"माहीत आहे हो. तुमच्यावर ढकलायला नाही आले मी. परवाही त्यासाठी नव्हते आले. तुम्ही घरात होतात. फटीतून पाय दिसले तुमचे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मला एवढंच विचारायचंय. तुमच्या पुस्तकातला तो माणूस जिना उतरतो, तिथे तुम्ही थांबता. त्याचं पुढे काय झालं? पोचला ना तो नीट घरी?"

उत्तर तयार होतं. असा कुणी माणूस नाहीच हो, सगळं मनचं, असं तो मुलाखतींत नेहमी सांगायचा. नऊ वर्षांच्या सवयीने हसू ओठांपर्यंत आलंसुद्धा.

"माझे वडील होते," तो म्हणाला.

बाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"पोचले. नीट पोचले घरी. त्यानंतर बरीच वर्षं होते."

तिने डोळे मिटले आणि टेबलाच्या कडेला हात टेकला. रांगेत मागे कुणीतरी मैत्रिणीला तेच पान मोठ्याने वाचून दाखवत होतं. दोघी खिदळत होत्या. टेबलाशेजारी उभ्या असलेल्या संपादिकेने घड्याळाकडे बोट दाखवलं.

"त्यांना कळलं होतं? तुम्ही आत होतात ते?"

"कधी बोलले नाहीत," तो म्हणाला. "पण पुन्हा न सांगता आलेही नाहीत. आधी फोन करायचे. येऊ का, म्हणून विचारायचे."

बाईने मान हलवली. पुस्तक उचलून पिशवीत घातलं. निघता निघता ती वळली, आणि हो म्हणा असं विनवावं तशा आवाजात तिने विचारलं,

"फोन तरी उचलायचात ना?"

सूत्रसंचालकाने पेनाचं टोपण उचललं आणि पेनावर बसवायला गेला. त्याच्याने ते बसवेना.