ढेकळं

मावशीचं पाठांतर म्हणजे उतारावर सोडलेली गाडी. एकदा सुटली की थेट शेवटालाच थांबायची. पण या नव्या नाटकात तिसऱ्या अंकात नाटकातल्या धाकट्या बहिणीसमोर उभी राहिली, की तिची दातखीळ बसे. आज दिग्दर्शकाने सगळ्यांदेखत सुनावलं, "उद्या अडलात तर भूमिका दुसऱ्या बाईंना द्यावी लागेल." जन्म रंगमंचावर गेलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. विंगेत संहिता धरून बसणारी तिची भाची तर मेल्याहून मेल्यासारखी झाली.

मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसून मावशी करवादली, "रिहर्सल, रिहर्सल! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला गं हा शब्द?"

असल्या चौकशांचा भाचीला भारी नाद. तिने लगेच मोबाइलवर शब्दकोश उघडला. "मावशी, 'रिहर्स' हे इंग्रजी क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आलंय. मुळात अर्थ काय, तर शेतावर पुन्हा दाताळं, म्हणजे दात्यांचं औत, फिरवणं!"

"म्हणजे आम्ही नट बैल?"

"अगं, नांगरलं तरी ढेकळं राहतातच ना? ती फुटेपर्यंत दाताळं ओढायचं. उभं, आडवं, कसंही."

मावशी विचारात पडली. "मी आपली नुसती उभीच पळत सुटते. चल, आज आडवं फिरव."

मग भाची मधूनच कुठलंही वाक्य टाकू लागली आणि मावशी पुढचं अचूक उचलू लागली. दोघींना त्या खेळाची गंमतच वाटायला लागली.

"ताई, तू मला माफ केलंस?" भाचीने विचारलं.

उत्तर होतं, 'केव्हाच केलं गं, वेडे.' मावशी बोलेचना.

"यात काय अवघड आहे?"

"तुझ्या आईने आमच्या बाबांचं आजारपण माझ्यापासून लपवलं. त्यांचं शेवटचं तोंडही मला दिसलं नाही." मावशीने पदराने आरसा पुसला. "मी तिला माफ केलेलं नाही. अजूनही नाही."

आईचा राग यावा की मावशीचा, भाचीला कळेना. तिला नुसतं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत, तिसऱ्या अंकात नाटकातल्या धाकट्या बहिणीने विचारलं, "ताई, तू मला माफ केलंस?"

मावशी थांबली. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. भाची विंगेतून वाक्य सांगणार, तोच मावशीने तिला हातानेच अडवलं आणि भाचीकडेच बघत एकेक शब्द उच्चारला, "केव्हाच... केलं गं... वेडे."

"पुन्हा विसरलात ना?" दिग्दर्शकाने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली, "आज आठवत होतं."