गुलाबाच्या वाट्याचा चोथा

नवापूरला बदलून आलेल्या मद्रासी स्टेशनमास्तरांकडे रोज कॉफी व्हायची. "कॉफीचा चोथा वाळवून गुलाबाला घाला," असं मास्तरांच्या बायकोनं सांगितलं आणि वत्सलाबाई रोज सकाळी वाटी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहू लागल्या. पण ओसरीवर सुपात चोथा वाळत घालावा आणि दुपारी बघावं, तर सूप मेलं रिकामं! चिमण्यांना शिव्या देऊन झाल्या, शेजारणीच्या कोंबड्यांचा उद्धार झाला. आज त्या दाराआड दबा धरून बसल्या, तर सासूबाईच सुपातून मशेरीची डबी भरून घेत होत्या!

"आत्याबाई, ते गुलाबनं खत शे!" वत्सलाबाईंनी कपाळावर हात मारला.

"तरीच झिंग येत नही!" सासूबाई पचकन थुंकल्या. "आते त्या कोंबडीवालीले काय सांगू? ती बी रोज पुडी बांधीसन लई जास."