ज्लातिनाचे चिवट कोष

बाल्कन डोंगराच्या पायथ्याचं रेशीम केंद्र बंद करून तिथे हॉटेल काढायचं, हे राजधानीत, सोफियात, केव्हाच ठरलं होतं. फक्त एक सभ्य कारण हवं होतं, आणि ते ज्लातिनाच्या अळ्या पुरवतील अशी तिथल्या सगळ्यांना आशा होती.

केंद्रातली संशोधक ज्लातिना हिने अर्धं आयुष्य घालवून कोळ्याचा गुण रेशमाच्या अळीत उतरवला होता. अळ्या दिसायला नेहमीसारख्याच, तुतीच्या पाल्यावर नेहमीसारख्याच तुटून पडणाऱ्या. पण त्यांचा धागा तेवढ्याच वजनाच्या पोलादी तारेला खाली बघायला लावायचा. जिवंत प्राणी असलं काही बनवू शकतो का, हा प्रश्न तिच्यापुरता सुटला होता. सोफियाहून येणाऱ्या समितीचा प्रश्न वेगळा होता. पतंगाने स्वतःच्या हिमतीवर कोषाबाहेर यायचं आणि अंडी घालायची. तरच वाण मंजूर, तरच केंद्र चालू.

समिती यायच्या सकाळी साधे कोष आतल्या पतंगांच्या लाळेने टोकाला ओले झाले, धागे बाजूला सारून पतंग बाहेर आले आणि लगेच संसाराला लागले. ज्लातिनाचे कोषही ओले झाले. मग आतून खरवडल्याचा आवाज येत राहिला. नुसता आवाज.

केंद्रप्रमुख ल्युद्मिल तिच्या खांद्यावरून वाकला. "बाई, टोकाला एकेक चीर द्या. कोणाला कळतंय?"

"मला."

"तुम्ही समितीत नाही."

"साहेब, त्याला बाहेर येणं म्हणत नाहीत. बाहेर काढणं म्हणतात."

"मलाही आईचं पोट कापूनच काढलंय. झालोच ना मंजूर?"

"त्याबद्दल मतभेद आहेत," ज्लातिना म्हणाली आणि तिने कात्र्यांच्या कपाटाला कुलूप लावलं.

समिती आली. दारात स्वागताचं पाव आणि मीठ झालं. राकिया, म्हणजे फळांची दारू, मात्र अंगणातच, कारण त्या वासाने शेजारच्या खोलीतल्या कोवळ्या अळ्या पाला सोडतात. मग अध्यक्ष ह्रिस्तोझोव यांनी एक कोष कानाला लावला.

"काय करतोय हा आत?"

"मरतोय," ज्लातिना म्हणाली.

"सगळेच?"

"सगळेच. स्वतःला बाहेर पडता येणार नाही इतकं पक्कं घर बांधतात."

ल्युद्मिल खिडकीबाहेर बघू लागला. ह्रिस्तोझोव यांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे धागा काढण्याआधी वाफेने मारायची भानगडच नाही? बॉयलर नको, सरपण नको?"

"नको," ज्लातिना कशीबशी म्हणाली. "पण पुढच्या पिढीसाठी कोष कापून पतंग हाताने काढावे लागतील. दर पिढीला."

"ते कोण करेल?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

वाण मंजूर झालं, हॉटेल बारगळलं. 'स्वतःच्या हिमतीवर' ही अट खोडून तिथे 'मनुष्यबळ उपलब्ध' असं लिहिलं गेलं.

गाड्या गेल्यावर ल्युद्मिल दारातून म्हणाला, "अभिनंदन, बाई. मरेपर्यंत नोकरी पक्की."

ज्लातिना कापायला बसली होती. पहिल्या कोषातला पतंग गेला होता. दुसऱ्यातलाही. तिसरा निघाला, ओला, चुरगळलेला. तळहातावर थोडा थरथरला आणि पंख न उघडताच कलंडला. तिने पुढचा कोष कानाशी धरला. बराच वेळ धरला. आतलं खरवडणं थांबलं होतं. मग तो न कापताच धाग्याच्या टोपलीत टाकला आणि त्याच्या पुढचा उचलला.