कलर मोठा की रन

पत्त्यांचा डाव ही माणसाच्या चारित्र्याची अंतिम कसोटी आहे, असं राधाकिशनरावांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी आयुष्यभर चिंचोक्यांवर खेळून बनवलं होतं.

चिंचोक्यांचं असं झालं, की सिरसाळ्यात बबनरावांची आडत होती आणि हंगामात तिथे चिंचोक्यांची पोती आढ्यापर्यंत लागायची. बबनरावांचं म्हणणं, पैसा लावला की हिशोब येतो आणि हिशोब आला की आडत होते, खेळ होत नाही. चिंचोका ओंजळीनं लावता येतो. हरलेला माणूस घरी जाताना खिसा चाचपत नाही.

बाजाराच्या दिवशी, दुपारची गिऱ्हाईकं पांगली की पोत्यांवर घोंगडं अंथरून तिघं बसायचे. बबनराव, राधाकिशनराव आणि सिदू. आंबूस वास नाकात भरलेला, तागडी एका बाजूला कललेली, आणि मधे पत्त्यांचा जुना जोड. त्याच्या पाठीवर मोराचं चित्र होतं. वापरून वापरून मोराचा पार कोंबडा झाला होता.

सिदू मेंढरंवाला. दिवाळीनंतर त्याचा कळप राधाकिशनरावांच्या शेतात बसायचा. शेताला खत मिळायचं, सिदूला भाकरी आणि आसरा मिळायचा, आणि दोघांना एकमेकांच्या आया-बहिणींची विचारपूस करण्याचा हक्क मिळायचा. तीन पत्तीत तो फार वाईट खेळायचा. पानं न बघता चाल करायचा, आणि बघितली की आणखी मोठी करायचा.

"बघून तरी घे बे," राधाकिशनराव म्हणायचे.

"बघून काय करू? पानं बदलत्यात का?"

पानं बदलतात, हे सिदूला परळीत कळलं. तो तिकडे बोकडं विकायला गेला होता आणि सावली बघून एका व्हिडिओ गेमच्या पार्लरात शिरला. परत आला तो निराळाच माणूस होऊन.

"मशीन पाच पानं देतंय," तो सांगू लागला. "नको ती टाकायची. बटन दाबलं की तितकीच नवी येत्यात. बिडी मागत न्हाई, टोमणे मारत न्हाई. लई सभ्य हाय."

"आणि जिंकलास का?" बबनरावांनी विचारलं.

"त्ये सोडा."

वाचता येत नसलं तरी सिदूनं एक गोष्ट नीट पाहून ठेवली होती. मशीनच्या कपाळावर कोणत्या डावाला किती, त्याची चित्रं काढलेली होती. एकाच छापाची पानं आली म्हणजे कलर. तो वर होता. ओळीनं पानं आली म्हणजे रन. ती खाली होती. सिरसाळ्यात, बीड जिल्ह्यात आणि राधाकिशनरावांच्या माहितीप्रमाणे सगळ्या भूतलावर रन मोठी आणि कलर लहान. सिदू ही माहिती खिशात घालून गप्प बसला.

ती बाहेर निघाली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. राधाकिशनराव त्या वर्षी पंचायत समितीला पडले होते. दुसऱ्यांदा. घरी विजयमालाबाई त्याविषयी काही बोलत नव्हत्या, आणि त्यांचं न बोलणं लांबपर्यंत ऐकू यायचं. म्हणून ते सकाळीच आडतीवर येऊन बसले होते. डाव चढत गेला. बबनरावांनी पानं टाकली. घोंगड्यावर चिंचोक्यांचा ढीग झाला. राधाकिशनरावांनी शो मागितला आणि सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी रन मांडली. गेल्या कित्येक दिवसांत त्यांच्या बाजूनं लागलेला तो पहिला निकाल होता.

सिदूनं आपली तीन काळी पानं घोंगड्यावर टाकली आणि लगेच दोन्ही हातांनी ढीग ओढायला घेतला. "कलर. किलवर."

"मग हात कावून घालतोस? रन मोठी."

"कलर मोठा. परळीचं मशीन तसं सांगतंय."

"मशीन खोटं हाय."

"मशीन कावून खोटं बोलंल?" सिदू म्हणाला. "त्ये काय तुझ्यावानी पंचायत समितीला पडलंय का?"

बबनराव हसले. चूक तेवढीच झाली. नंतर त्यांनी आडत्याच्या रीतीप्रमाणे निम्मं-निम्मं करून बघितलं, पण राधाकिशनराव चपला घालून निघाले होते. मागे ढीग तसाच राहिला.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. त्या दिवाळीनंतर सिदूचा कळप राधाकिशनरावांच्या शेताशेजारून गेला आणि थांबला नाही. लग्नात एक जण मांडवाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. राधाकिशनरावांनी दरम्यान कलर मोठा की रन, यावर जाणकारांची मतं घेतली: एक तलाठी, दोन एसटीचे कंडक्टर, तीर्थयात्रेत भेटलेला एक निवृत्त फौजदार. निकाल एकमतानं त्यांच्या बाजूनं लागला. फक्त सिदूला कळवायचं राहिलं. मग बबनराव गेले, आडतीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि राधाकिशनरावांना कळलं की बरोबर असणं ही एकट्यानं करायची गोष्ट आहे. तिच्यावर दुपार निघत नाही. संध्याकाळ तर मुळीच नाही.

मुलगी राजनंदिनी पुण्याला नोकरीला होती. कुठल्या खात्यात, असं गावात कुणी विचारलं की ते "मार्गदर्शन" म्हणायचे. ते खोटं नव्हतं. मोबाइलवर पोकर खेळवणाऱ्या कंपनीत ती मराठीतून सल्ले लिहायची. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, कंपनीनं गाशा गुंडाळला आणि राजनंदिनी लॅपटॉप घेऊन घरी आली. आता कुणालाच नको असलेले सल्ले ती एका संध्याकाळी ओसरीत बसून चाळत होती.

"काय लिहायचीस गं एवढं?" राधाकिशनरावांनी विचारलं.

"हेच, बप्पा. पानं बरी नसतील तर लवकर सोडून द्या. डोकं तापलं असेल तर उठा. मागचा डाव मनात धरून पुढचा खेळू नका."

"ह्याला पगार द्यायचे?"

"वेळेवर."

पगार मिळावा इतकं हे अवघड आहे हे त्यांना मान्य होतं. ते थोडा वेळ सुपारी चावत बसले. मग, सहज विचारावं तसं, "तुमच्या त्या पोकरमध्ये रनच मोठी असंल ना?"

"नाही. कलर मोठा."

सुपारी थांबली.

राजनंदिनीनं समजावून सांगितलं. जे दुर्मिळ ते मोठं, एवढाच कायदा. तीन पानांच्या खेळात रन लागणं जास्त अवघड, म्हणून तीन पत्तीत रन मोठी. पाच पानांत एका छापाची पाचही येणं जास्त अवघड, म्हणून पोकरमध्ये कलर मोठा. मशीनवर असतो तोही पोकरच. "दोन्ही बरोबर आहे, बप्पा. खेळ वेगळा."

राधाकिशनराव त्या रात्री जेवले नाहीत असं लिहिता आलं असतं, पण ते जेवले. जेवताना मात्र एकदा म्हणाले, "मशीन खरं बोलत होतं." विजयमालाबाईंनी कोणतं मशीन ते विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फक्त सांगितलं, "सिदूभाऊनं मेंढरं विकली म्हणं. रामेश्वर त्यांना चौसाळ्याला न्यायलाय, दुकानावर. उद्या सामान जातंय."

रामेश्वर हा सिदूचा मुलगा. चौसाळा काही विलायत नाही. पण त्या वयात एकदा माणूस मुलाच्या दुकानात खुर्चीवर बसला की तो तिथलाच होतो. त्याला भेटायला निमित्त लागतं, आणि निमित्त म्हणजे बहुधा मयत. राधाकिशनरावांना हे समजत होतं. सकाळी त्यांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, राजनंदिनीला पुरावा म्हणून बरोबर घेतलं, आणि वाटेत एक नवा पत्त्यांचा जोड विकत घेऊन तिच्या पिशवीत टाकला.

सिदूच्या वस्तीवर टेम्पो उभा होता. सून अंजना भांडी बांधत होती. सिदू रिकाम्या वाघुरीशेजारी बाजेवर बसला होता. मेंढरं नसलेली वाघूर, म्हणजे नुसतंच जाळं. त्यानं मान वर केली.

"बस," तो म्हणाला. जणू पाणी प्यायला उठून गेलेला माणूस परत आला होता.

राधाकिशनराव बसले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते आठवेना. "मेंढरं विकलीस?"

"गुडघ्याला विचारून." सिदूनं राजनंदिनीकडं पाहिलं. "ही ती का? चिंचोका गिळलेली?"

"तीच, काका."

"निघाला का?"

"निघाला असेल."

"न्हाईतर झाड आलं असतं," सिदू म्हणाला, आणि अंजनाला चहा टाकायला सांगितला. स्टोव्ह बांधून झाला होता. अंजनानं तो पुन्हा सोडला.

चहा येईपर्यंत राजनंदिनीनं सगळं सांगितलं. तीन पानं, पाच पानं, जे दुर्मिळ ते मोठं. सिदू लक्ष देऊन ऐकत होता. रामेश्वर दोनदा टेम्पोपाशी खाकरला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

"म्हंजी मशीन खरं होतं," सिदू म्हणाला.

"मशीन खरं. मीबी खरा," राधाकिशनराव म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना वीस वर्षं लागली होती, आणि म्हटल्यावर ते फार काही वाटेना. "तुझ्या मशीनवर तू जिंकला असतास. आपल्या घोंगड्यावर मी. भांडायचं कारणच नव्हतं."

"मी कुठं भांडलो? तूच चपला घालून गेलतास."

"तू बोलायला आला न्हाईस."

"तू बोलवायला आला न्हाईस. मेंढरं घेऊन तीन दिवाळ्या तुझ्या बांधावरून गेलो. हाळू हाळू गेलो. मेंढरं कंटाळली."

राधाकिशनरावांनी बांधाकडं कधी पाहिलं नव्हतं. ते त्या दिवसांत घरात बसून कंडक्टरांची मतं मोजत असत. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग राजनंदिनीला जोड काढायला सांगितलं.

"दादा, टेम्पोवाला थांबत न्हाई," रामेश्वर म्हणाला.

"मग जाऊ दे त्याला. भांडी काय रस्ता चुकत्यात?" सिदूनं जोड हातात घेतला. कोऱ्या पानांना त्याची बोटं सरावली नव्हती. दोन पानं खाली पडली. "लई गुळगुळीत हायत. बबनरावाची बरी होती. बोटाला चिकटायची." लावायला काही नव्हतं म्हणून अंजनानं बांधलेल्या गाठोड्यातून मूठभर तुरीची डाळ काढून बाजेवर ओतली.

तीन पानं राधाकिशनरावांना, तीन राजनंदिनीला, तीन स्वतःला. सिदूनं आपली उचलली नाहीत. राधाकिशनरावांनी मात्र उचलली, चष्मा वर केला, खाली केला, आणि अगदी उदार मनानं म्हणाले, "तरी एक सांगतो सिदू. तुझा त्या दिवशीचा कलर चांगला होता. किलवरचा कलर असा रोज लागत न्हाई."

"कंचा कलर?"

"करीच्या दिवशीचा. तुझा."

सिदूनं डाळीची चाल केली. "दोन किलवर होते," तो म्हणाला. "तिसरी इस्पिकची तिर्री होती."